टाळूवरची रोवणी

प्रिय अद्वैत आणि सई,

मागच्या रविवारी अद्वैतने टोपी काढून डोकं कॅमेऱ्यासमोर वाकवलं आणि म्हणाला, "आजी, बघ, सत्ताविसाव्या वर्षी ही अवस्था." मग कळलं की तो केस लावून घ्यायला कुठेतरी जाणार आहे. सई हसत होती. तुमची आई एकदम गप्प झाली, ते तुमच्या लक्षात आलं नसेल. तिला ठाऊक होतं आणि तिला मीच गप्प बसवलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मी डोक्यावर पदर घ्यायला लागले तेव्हा सईने कारण विचारलं होतं. मी म्हटलं, "थंडी आहे." मे महिना होता. गोंदियाचा मे सईच्या लक्षात नसावा, म्हणून ते खपून गेलं. ते खोटं होतं. खरं काय ते आता क्रमाने लिहिते. अद्वैतला त्यातलं काही उपयोगी पडेल.

पाकीट

माझ्या टाळूवर, भांगाच्या उजव्या बाजूला, एक छोटी खपली होती. फणी लागली की रक्ताचा ठिपका यायचा, दोन दिवसांत सुकायचा, पुन्हा यायचा. आठ महिने मी फणीला दोष दिला. दोन फण्या बदलल्या. तीस वर्षं शाळेत मुलांना वेळच्या वेळी काम करायला शिकवणाऱ्या बाईने आठ महिने फण्या बदलल्या, हे लिहायला लाज वाटते. पण बरी न होणारी खपली कोणाला असेल तर त्याने निदान माझ्यावरून शिकावं.

गोंदियाच्या त्वचेच्या डॉक्टरांनी बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने लॅबमधून अहवाल आणायला मी एकटीच गेले. पाकीट बंद होतं, डॉक्टरांच्या नावाचं होतं. मी बसस्टँडच्या बाकावर बसून ते फोडलं आणि वाचलं. शेवटचा शब्द मला कळला. कर्करोग. त्याच्या आधीचे शब्द कळले नाहीत आणि खरी बातमी त्या आधीच्या शब्दांतच होती. पाऊण तासाने डॉक्टरांनी सांगितलं की हा अगदी संथ प्रकार आहे, सहसा जागा सोडून जात नाही, कापून काढला की काम होतं. पण तो पाऊण तास मी त्या बाकावर बसून तुमच्या आईच्या लहानपणापासून सगळं आठवून घेतलं. आमची सडक अर्जुनीची बस लागली, सुटली, मला दिसली नाही. इंग्रजी शिकल्याचा एवढा तोटा मला कधी झाला नव्हता. माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे तुमच्या मोठ्या आजीला, इंग्रजी वाचता येत नाही. तिने पाकीट तसंच डॉक्टरांच्या हातात दिलं असतं.

नागपूरला ती जागा कापून काढली आणि मांडीचं कातडं तिथे लावलं. पुढे वर्षभर तपासण्या झाल्या. रोग परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, विसरून जा.

पुरीएवढी जागा

विसरायचं कसं? पाणीपुरीतल्या पुरीएवढी ती जागा गुळगुळीत आणि चकचकीत होती. मांडीच्या कातड्यावर केस येत नाहीत. रोज सकाळी आरशात ती दिसली की मी पुन्हा त्या बाकावर जाऊन बसायची. लोकांना वाटलं, म्हातारीला रूप हवंय. थोडं हवं होतं, नाही म्हणणार नाही. पण त्याहून मला हे पाहिजे होतं की जिथून तो रोग उकरून काढला तिथे काहीतरी जिवंत उगवावं.

नागपूरच्या दुसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, डोक्याच्या मागचे केस काढून तिथे लावता येतात. पण ती जागा म्हणजे लावलेलं कातडं आहे, रक्ताचा पुरवठा कमी. किती धरतील याची हमी मी देणार नाही."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा जिजी मोठ्याने हसली. जिजी म्हणजे तीच तुमची मोठी आजी. सडक अर्जुनीजवळच्या आमच्या घराच्या एका बाजूला आम्ही दोघं राहतो, दुसऱ्या बाजूला ती.

"काऊन व, या उमरीत केसं लावतेस? पुन्हा लगन लावाचं आहे का?"

"ह्यांनाच विचारा," मी म्हटलं.

तुमच्या आजोबांनी पेपर वर केला.

मी तिला समजावून सांगितलं: मागून एकेक केस मुळासकट काढतात आणि पुढे बारीक चीर करून लावतात. ती लगेच म्हणाली, "मंजे रोवणीच ना. इकडचे पऱ्हे उपटाचे अन् तिकडच्या बांधीत लावाचे." पऱ्हे म्हणजे धानाची रोपं आणि बांधी म्हणजे धानाचं शेत, हे तुमच्यासाठी. मग तिने विचारलं, "पण पाणी कुठून पेतीन ते? त्या मांडीच्या कातड्यात पाणी आहे का?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. पुढच्या भेटीत मी तो जसाच्या तसा विचारला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कोणी विचारलं हे? सगळं यावरच तर आहे. पहिले तीन-चार दिवस ते केस आजूबाजूला जो ओलावा पाझरतो त्यावर जगतात. मग बारीक रक्तवाहिन्या त्यांच्याशी जुळतात. जुळल्या की ते तुमचे."

भिंगाखाली

जानेवारीत ते झालं. सकाळी आठला मला पालथं झोपवलं. मागच्या केसांखाली एक पट्टी भादरली. वरचे केस सोडले की ती झाकून जाते. बधिर करायच्या सुया दुखतात, अद्वैत, चांगल्याच दुखतात. त्यानंतर मात्र फक्त आवाज येतो, बर्फावरून चालल्यासारखा करकर. तुम्हांला तो आवाज माहीत असेल, मी फक्त ऐकून आहे.

एक मुलगी मागे काढलेले केस मोजून ओल्या कापडावर मांडत होती. बोलता बोलता कळलं, तिचं माहेर देवरीकडचं.

"रोवणी केलीय का कधी?" मी पालथीच विचारलं.

"केली ना आजी, शाळेच्या सुट्टीत. हे बरं, कंबर नाही दुखत." थोड्या वेळाने म्हणाली, "मान दुखते."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तिला म्हटलं, मला बघायचंय. तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. मग तिने थंड पाण्यातली ताटली भिंगाखाली सरकवली.

ते मी कसं सांगू? मला वाटलं होतं केस दिसतील. केस नव्हते, रोपं होती. प्रत्येकाच्या खाली पांढरट, फुगीर मूळ आणि त्याभोवती चरबीचा पारदर्शक पदर. काही एकटे, काही एका मुळात दोन, एकात तर तीन. सकाळपासून ते माझ्या अंगाबाहेर होते. कापलेला केस मेलेला असतो, तो झाडून टाकतात, हे मला माहीत होतं. हे मेलेले नव्हते. चारशे जिवंत गोष्टी एका ताटलीत थंड पाण्यात वाट बघत होत्या आणि त्या सगळ्या मी होते. मी हात जोडले. कोणाला, ते मला सांगता येणार नाही. ती मुलगी हसली नाही, एवढं आठवतं.

दुपारी उताणं झोपवून ते एकेक लावले. डॉक्टरीणबाई चीर पाडताना दर वेळी कोन बदलत होत्या. केस जसा झुकून यायला हवा तसंच मूळ झुकवून ठेवायचं. उभं ठेवलं तर ब्रशासारखं दिसतं. चारशे वेळा कोन. मी आयुष्यभर वह्या तपासल्या. एवढं लक्ष देऊन शंभरावी वही मी तपासली असेल असं वाटत नाही.

कागद

घरी येताना सूचनांचा कागद मिळाला. मी तो कपाटाच्या दारावर चिकटवला आणि वेळापत्रक केलं. जागेपणी दर तासाला खाऱ्या पाण्याचा फवारा. तीन उशा रचून अर्धवट बसून झोपायचं. वाकायचं नाही. खाजवायचं नाही. दहा दिवस डोक्यावर पाणी ओतायचं नाही, बोट लावायचं नाही, कारण तोवर केस नुसता ठेवलेला असतो, धरलेला नसतो.

तिसऱ्या दिवशी कपाळ सुजलं आणि चौथ्या दिवशी ती सूज उतरून डोळ्यांवर आली. अद्वैत, याला घाबरू नकोस, कागदावर लिहिलेलं असतं. मला एका डोळ्याने दिसत होतं. तुमच्या आजोबांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "कोणाशी भांडलीस?" त्या दिवशी तरी मला हसू आलं नाही.

कारण त्याच चौथ्या दिवशी सकाळी, मागच्या गल्लीत राहणारे माझे चुलत दीर गेले.

आंघोळ

मी डोक्याला सैल रुमाल बांधून त्यांच्या बायकोजवळ जाऊन बसले. दुपारी प्रेत उचललं आणि आम्ही बाया परत आलो. भावकीतल्या मरणानंतर डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय बाई घरात पाय ठेवत नाही. जिजी न्हाऊन ओल्या लुगड्याने अंगणात उभी होती.

"चाल, बस पाटावर."

"जिजी, मला चालणार नाही. कागदावर लिहिलंय."

"कागद मले काऊन दाखवतेस? त्या कागदाच्या घरी कोणी मेलं नसन."

तुमचे आजोबा मधे पडले. "वहिनी, चार थेंब शिंपडले तरी होतं."

"देवाले चालते चार थेंब, भाऊजी. मरणाले नाई चालत."

मी नागपूरला फोन लावला. डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये होत्या. मी उंबऱ्याबाहेर, एका डोळ्याने बघत उभी. गल्लीतून बाया येत-जात होत्या आणि थांबत होत्या. जिजीने माझ्याकडे पाहिलं आणि एकदम आवाज खाली आणला.

"सांग मले कसं घालू ते. तू सांगशीन तसं घालतो. या हातानं बारा लेकरं न्हाऊ घातले. एकाची टाळू नाई दुखवली."

तिने हुकूम केला असता तर मी शेवटपर्यंत नाही म्हटलं असतं. तिने विचारलं, म्हणून मी बसले.

तिने पाणी कोपराने पाहिलं. तांब्या बाजूला ठेवला. एक ओंजळ भरून माझ्या कपाळाशी टेकवली आणि बोटं इतकी हळू उघडली की पाणी पडलं नाही, पसरलं. दुसरी ओंजळ. तिसरी. मानेखाली तिचा डावा हात होता. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या बाईला कोणी न्हाऊ घालत नाही. माझी आई गेल्यावर माझ्या डोक्याला असा कोणाचा हात लागला नव्हता. मी डोळे मिटले. मला वाटलं, कागद लिहिणाऱ्यांनी हे हात पाहिलेले नाहीत.

पाणी संपलं. जिजीने टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. आणि मग बाराही बाळांना न्हाऊ घातल्यावर जे केलं तेच तिच्या हाताने केलं. आमच्याकडे बाळाचं डोकं गोल यावं म्हणून न्हाणं झालं की टाळूवर तळवा ठेवून, दाबून फिरवतात. तिने तळवा ठेवला, दाबला आणि फिरवला. एकदाच.

मी किंचाळले.

"बाप्पा!" ती म्हणाली आणि हात असा मागे ओढला की जणू चटका बसला. कपाळावरून कोमट काहीतरी ओघळलं. ते पाणी नव्हतं. तिच्या तळव्याला चार बारीक केस चिकटले होते, पांढऱ्या मुळांसकट.

तुमचे आजोबा धावत आले. मी रडत होते आणि तिला काहीबाही बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. जिजी तळवा उघडा धरून तशीच उभी होती, ओल्या लुगड्यात.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिले. "काकू, चार तर गेले. बाकीचे जागेवर दिसताहेत. पण सगळी जागा रगडली गेलीय. आत किती हलले, किती तुटले, हे आज मीही सांगू शकत नाही."

"मग कधी कळेल?"

"चार महिने थांबा."

गळती

दहा-बारा दिवसांत खपल्या आपोआप सुटल्या. लावलेले आखूड केस कापलेल्या गवतासारखे दिसत होते, आणि मला वाटलं, वाचले. तिसऱ्या आठवड्यात ते उशीवर दिसायला लागले. महिना संपेपर्यंत जागा पहिल्यासारखीच उघडी झाली.

अद्वैत, हे तुझंही होईल. नीट वाच. लावलेला केस गळतो आणि मूळ आत राहतं. मुळाला धक्का बसलेला असतो, ते वरचं ओझं टाकून देतं, काही महिने झोपतं आणि मग नवा केस काढतं. त्या दिवसांत आरशासमोर कमी उभा राहा. मागची बाजू बरेच आठवडे बधिर लागते, तेही जातं. हे सगळं माझ्या कागदावर होतं आणि मी ते पाठ केलं होतं. पण माझ्या बाबतीत कागदाबाहेरचं एक घडलेलं होतं. केस गळले ते नेहमीसारखे गळले, की त्या तळव्याने मुळं तोडली म्हणून गळले? दोन्ही दिसायला सारखंच.

जिजीने माझं डोकं पाहिलं आणि ती तिच्या बाजूला निघून गेली. दुसऱ्या दिवशी मीच तिच्याकडे गेले. म्हटलं, "जिजी, तुम्हीच म्हणालात ना, रोवणीच आहे. रोवल्यावर धान पिवळा पडतोच की."

"पिवळा पडते," ती म्हणाली. "गळून नाई पडत."

पूर्वी दर रविवारी ती माझी वेणी घालायची. ते बंद झालं. भाजी पाठवायची, लोणचं पाठवायची, स्वतः यायची नाही. आली तरी माझ्यापासून हातभर लांब बसायची, हात मांडीखाली घेऊन. मी क्षमा मागितली तर म्हणाली, "कायची क्षमा? काही झालं नाई." हिच्या तोंडाला लागू नये म्हणून अख्खी भावकी वचकून असते आणि ही माझ्याशी तोलून मापून बोलत होती. टाळूपेक्षा मला ते जास्त लागलं. वेणी तुमचे आजोबा घालायला लागले. त्यांचं अक्षर सुंदर आहे, एवढंच त्यांच्या हाताबद्दल मी म्हणेन.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल गेला. जागा चकचकीत.

मे

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी मागच्या ओसरीत बसून आंबे पुसत होते. जिजी कैऱ्या मागायला आली, माझ्या पाठीकडे बघत थांबली.

"हे काय आहे? भाऊजीनं वेणी घातली का दोर वळला?"

"दोरच," मी म्हटलं.

ती माझ्यामागे बसली आणि वेणी सोडायला लागली. मी मान हलवली नाही, श्वास मोठा घेतला नाही, उगाच ती उठून जाईल म्हणून. तिने केस विंचरले, पुढून मागे घेतले. भांगापाशी तिचं बोट थांबलं.

"काय झालं?"

"काई नाई."

बोट पुन्हा आलं, अगदी हलकं, आणि परत गेलं.

"टोचून राहिलं," ती म्हणाली.

"काय टोचतंय?"

"मले काय दिसते? मोतीबिंदूचे डोळे. भाऊजी! चष्मा घेऊन या, लवकर!"

तुमचे आजोबा चष्मा पुसत आले आणि माझ्या डोक्यावर वाकले. ते इतका वेळ बघत राहिले की मला पुन्हा ते पाकीट फोडल्यासारखं झालं.

"आहेत," ते म्हणाले. "एक, दोन... अगं, इथून तिथवर आहेत. आणि काळे आहेत."

"काळे?"

माझं सगळं डोकं पांढरं झालेलं तुम्ही पाहिलंय. मी आत जाऊन आरसा आणला. भांगाच्या उजव्या बाजूला, पांढऱ्या केसांमध्ये, मुंगीच्या पायाएवढे काळेभोर कोंब उभे होते. नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मानेवर झाकलेले केस पुष्कळांचे उशिरा पिकतात आणि केस कुठेही नेऊन लावला तरी तो जिथला आहे तिथल्यासारखाच वागतो. मांडीच्या कातड्यात तो मांडीसारखा होत नाही, पुढे लावला म्हणून पुढच्यासारखा पिकत नाही. आज तिथे दाट नाही, विरळच आहे. चारशेतले सगळे काही आले नाहीत. पण पुढच्या रविवारी तुम्ही मला बिनपदराची बघाल आणि हसाल, कारण पांढऱ्या डोक्यावर तो काळा झुपका फार विचित्र दिसतो. मला मात्र अजून ते खरं वाटत नाही. रोज सकाळी हात लावून बघते.

त्या दुपारी आजोबा कोंब मोजत राहिले. जिजी माझ्यामागे ओसरीवर बसूनच होती. मी वळून पाहिलं तर ती स्वतःच्या उजव्या तळव्याकडे बघत होती.

"मंजे म्या नाई मारले त्यायले," ती म्हणाली.

चार महिन्यांत त्या दिवसाबद्दल ती हे पहिल्यांदा बोलली. मी तिचा हात धरला आणि माझ्या टाळूकडे नेला. ती ओढून घ्यायला लागली. "नाई व, नाई, पुन्हा काई होऊन जाईन," म्हणत होती. ताकद तिची जास्त, जन्मभर शेतात राबलेली. मी दोन्ही हातांनी धरून तो खाली आणला. आधी ती तळवा वर धरून होती, टेकू देत नव्हती. मग टेकवला.

तुमची,
आजी